अंगठ्याला भोक पडण्याआधी: क्लाइंबिंग शूजना नवा सोल लावताना रबर आणि कारागीर कसा निवडायचा

टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, स्पोर्ट क्लाइंबिंग पहिल्यांदा दिसलं. तेव्हापासून मुंबई-पुण्याच्या कृत्रिम भिंतींवर चढायला येणाऱ्यांमध्ये सह्याद्रीत कधीच न गेलेली मुलंमुलीही भरपूर असतात. दहा-पंधरा हजार मोजून बूट घेतले जातात, आठवड्यातून तीनदा चढणं होतं आणि वर्षभराच्या आत उजव्या अंगठ्यापाशी भोक पडतं. बाकीचा बूट ठणठणीत असतो. वरचं चामडं शाबूत, पट्टे शाबूत, टाच तर नवी कोरी. तरीही तो जोड माळ्यावर जातो, कारण आता याचं करायचं काय हे कोणी सांगितलेलंच नसतं.

अशा बुटाला नवा सोल बसतो, आणि काम नीट झालं तर तो पुन्हा पहिल्यासारखा चालतो. त्यासाठी दोन गोष्टी समजून घ्याव्या लागतात: बूट कधी द्यायचा आणि कोणाच्या हाती द्यायचा. कोणतं रबर लावायचं यावर चर्चा सगळ्यात जास्त होते, पण महत्त्वाच्या क्रमात तो प्रश्न तिसरा.

बूट नेमका कुठे झिजतो

क्लाइंबिंग शूजचा खालचा भाग तीन थरांचा असतो. सगळ्यात खाली सोल, म्हणजे कातळाला टेकणारं रबर. नव्या बुटात तो साधारण ३.५ ते ५ मिलिमीटर जाड असतो. त्याच्यावर मिडसोल, ही पायाला आधार देणारी पातळ, थोडी ताठ पट्टी. तिसरा भाग रँड. बुटाच्या कडेने, बोटांवरून आणि टाचेभोवती ताणून चिकटवलेली ही दोनेक मिलिमीटरची रबरी पट्टी. बुटाचा आकार रँडच धरून ठेवतो. टाचेमागून तो पाय पुढे ढकलतो आणि बोटं टोकाशी जमवतो. ज्या बुटांचं टोक पोपटाच्या चोचीसारखं खाली वळलेलं असतं, त्यांचं ते वळणही बरंचसं या ताणामुळेच टिकतं.

सोल झिजण्यासाठीच असतो, रँड झिजण्यासाठी नसतो. हे एवढं लक्षात ठेवलं तरी बूट वेळेवर दुरुस्तीला जाईल.

चढताना सगळा भार अंगठ्याच्या आतल्या कडेवर येतो, म्हणून झीज तिथेच होते. कृत्रिम भिंतीच्या फळ्यांवर वाळू मिसळलेला खरखरीत रंग असतो. त्यावर पाय घासत वर नेला की पॉलिश पेपरवर बूट घासल्यासारखंच होतं. हंपीचा ग्रॅनाइटही रबर खातो. आपला बेसॉल्ट त्या मानाने गुळगुळीत असला तरी त्याच्या तुटक्या, धारदार कडा रबराचे तुकडे पाडतात.

कधी द्यायचा: रेघ बघा

बूट ओल्या फडक्याने पुसा आणि अंगठ्याची बाजू डोळ्यांच्या रेषेत धरा. सोल आणि रँड जिथे जुळतात तिथे एक बारीक रेघ दिसेल. नव्या बुटात ही रेघ जमिनीपासून सोलच्या जाडीएवढी वर असते आणि सोलची कड काटकोनात असते. झीज होते तशी कड गोल होत जाते आणि रेघ खाली सरकल्यासारखी दिसते. अंगठ्याखाली दीडेक मिलिमीटर सोल उरला की बूट द्यायची वेळ झाली. रेघच दिसेनाशी झाली असेल तर रँड झिजायला लागलाय. आतलं कापड किंवा चामडं दिसत असेल तर उशीर झालाय.

दुसरी तपासणी बोटाने करायची. बूट पायात नसताना टोकावर अंगठ्याच्या नखाने दाबा आणि दोन्ही बूट ताडून बघा. एका बुटाचं टोक पटकन आत दबत असेल तर तिथलं रबर संपत आलंय. बहुतेकांचा एक पाय जास्त झिजतो, म्हणून जो बूट वाईट दिसतो त्यावरून निर्णय घ्यायचा.

घाई एवढ्यासाठी, की नुसता सोल बदलणं हे एक काम आहे आणि रँड बदलणं हे दुसरं, त्याहून बरंच अवघड काम. झिजलेल्या रँडवर नवा तुकडा बसला की टोक जाड होतं, ताण बदलतो आणि बोटांना कातळ पूर्वीसारखा जाणवत नाही. त्याचे पैसेही वेगळे लागतात. 'अजून चार सेशन काढू' म्हणत काढलेली ती चार सेशन्स अशी महाग पडतात.

रबर कातळाला धरतं म्हणजे काय होतं

गुळगुळीत दिसणारा कातळसुद्धा जवळून बघितला तर खडबडीत असतो. पायाचा भार आला की रबर त्या सूक्ष्म खाचखळग्यांत शिरतं. घसरायला लागलं की प्रत्येक उंचवट्यावरून जाताना त्याला दबावं आणि पुन्हा फुगावं लागतं आणि त्यात शक्ती खर्च होते. तोच पकडीचा मोठा भाग. शिवाय स्वच्छ रबर स्वच्छ कातळाला थोडं चिकटतंही. धूळ मध्ये आली की हे चिकटणं संपतं. म्हणून चढण्याआधी अनुभवी लोक पायपुसण्यावर उभे राहून तळवे पुसतात.

मऊ रबर चांगलं की कडक, याचं उत्तर स्वयंपाकघरात सापडतं. पोळीची सैल कणीक परातीला सगळीकडून चिकटते, पण तिला बोटाने कड काढली तर ती लगेच बसते. पुरीची घट्ट कणीक चिकटत नाही, पण दिलेला आकार धरून ठेवते. मऊ रबर सैल कणकेसारखं असतं. जिथे पकडायला काहीच नाही, फक्त उतरता कातळ आहे आणि तळवा दाबून घर्षणावर उभं राहायचंय, तिथे ते उत्तम. या उभं राहण्याला स्मिअरिंग म्हणतात. कडक रबर नाण्याच्या जाडीएवढ्या कपारीवर कड रोवून उभं राहायला, म्हणजे एजिंगला, उपयोगी. तिथे मऊ रबर भाराखाली वाकतं आणि कपारीवरून गुंडाळल्यासारखं निसटतं.

ऊनही यात हात घालतं. तापलं की रबर मऊ होतं. मार्चच्या दुपारी दक्षिणाभिमुख भिंतीवर मऊ रबराची कड टिकत नाही आणि सोलही भराभर झिजतो.

मग कोणतं, आणि किती जाडीचं

चिकट रबर या खेळात फार जुनं नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्पेनच्या बोरियल कंपनीचा 'फिरे' बूट आला आणि लोकांना कळलं की नुसत्या रबरामुळे चढण्याची पातळी बदलू शकते. १९८५ मध्ये अमेरिकेत फाइव्ह टेन सुरू झाली आणि तिचं 'स्टेल्थ' रबर गाजलं. इटलीची विब्रम डोंगरी बुटांचे रबरी सोल १९३७ पासून बनवते आहे. आज सोल बदलणाऱ्या कारागिरांकडे सर्वाधिक तिचेच पत्रे, म्हणजे रबराचे सपाट तक्ते, दिसतात.

नावं बरीच आहेत, पण निवड सोपी ठेवता येते. विब्रमचं एक्सएस एज हे कडक, कड धरणारं आणि जास्त टिकणारं. एक्सएस ग्रिप २ मऊ, घर्षणाचं आणि लवकर झिजणारं. स्टेल्थ सी४ घर्षणाकडे झुकणारं, पण सगळीकडे चालणारं. मूळ कंपन्यांनी काय लावलंय ते बघितलं की तर्क कळतो. ला स्पोर्टिवाच्या 'टीसी प्रो' या लांब चढायांच्या बुटाला ४ मिलिमीटर एक्सएस एज असतं. त्याच कंपनीच्या 'सोल्यूशन' या बोल्डरिंगच्या, म्हणजे कमी उंचीच्या धोंड्यांवर दोराशिवाय चढण्याच्या, बुटाला ३.५ मिलिमीटर एक्सएस ग्रिप २.

सह्याद्रीसाठी आमचा कल स्पष्ट आहे. तैलबैलाची भिंत असो, वानरलिंगी असो की डांग्या सुळका, इथे कपारींवर बराच वेळ उभं राहावं लागतं, वरचा माणूस मेख ठोकेपर्यंत तर फारच. इथे कडक रबर, ४ मिलिमीटर. पोटऱ्या लवकर भरून येणाऱ्यांनी किंवा वजन जास्त असणाऱ्यांनी ५ मिलिमीटर घ्यायलाही हरकत नाही. बदामीच्या वालुकाश्मावर कपारी चांगल्या मिळतात, तिथेही हेच. हंपीच्या गोल धोंड्यांवर आणि घरच्या भिंतीवरच्या बोल्डरिंगला मऊ रबर, ३.५ किंवा ४.

जाडी वाढली की बूट ताठ होतो, जास्त दिवस टिकतो आणि कातळ कमी जाणवतो. म्हणून मऊ, चोचीच्या बुटाला 'जास्त टिकेल' म्हणून ५ मिलिमीटरचा सोल लावू नये. तो वळायचं सोडून देतो आणि ज्या गुणासाठी घेतला होता तो गुणच जातो. मूळ जाडी ठेवणं हा सुरक्षित मार्ग.

टायरचं किंवा चपलेचं रबर का नको

टायरच्या तळाच्या चपला आपण वर्षानुवर्षं वापरल्या आहेत आणि त्या झिजत नाहीत, हे खरं. टायरचं रबर बनवलेलंच असतं हजारो किलोमीटर चालण्यासाठी. ऊन आणि हवा यांनी ते तडकू नये म्हणून त्यात मेणासारखे पदार्थ घातलेले असतात आणि ते हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात. कातळावर नेमकं तेच नको असतं. चपलांच्या दुकानात मिळणारा हलका मायक्रो शीट तर त्याहून वाईट. त्यात हवेचे बारीक बुडबुडे असतात म्हणूनच तो हलका असतो. कपारीवर सगळं वजन आलं की तो आधी दबतो आणि मग फाटतो.

खऱ्या पत्र्याबाबतही एक काळजी घ्यावी. रबर जुनं होतं. उन्हात किंवा उघड्यावर वर्षानुवर्षं पडलेल्या पत्र्याचा वरचा थर कडक होतो. तुकडा दुमडून बघा, वळणावर केसासारख्या भेगा दिसल्या तर तो घेऊ नका.

चांगल्या कारागिराकडे काय काय होतं

हे सविस्तर सांगतो, कारण प्रक्रिया माहीत असली की कुठे चूक झाली ते बोट ठेवून दाखवता येतं.

आधी बूट कलबुतावर चढतो. कलबूत म्हणजे पायाच्या आकाराचा साचा, कारखान्यात ज्याला लास्ट म्हणतात. क्लाइंबिंग शूजचं कलबूत साध्या बुटापेक्षा वेगळं, टोकाशी निमुळतं असतं. कलबुताशिवाय सोल चिकटवला तर बूट त्या वेळी जसा पडलेला असेल तसाच घट्ट होतो आणि खाली वळलेलं टोक सपाट होऊन परत येतं.

मग तळव्याच्या कमानीपाशी रेघ मारून तिथपासून पुढचाच सोल काढतात. याला हाफ सोल म्हणतात. टाचेचं रबर सहसा झिजलेलं नसतं, ते तसंच राहू द्यावं. गरम हवेने जुनं चिकट मऊ करून सोल हळूहळू सोलला जातो. उष्णता कमी पडली तर सोलबरोबर मिडसोलचे पापुद्रे निघतात. जास्त झाली तर रँडही सुटतो आणि त्याचा ताण जातो. इथे अनुभवी हात ओळखू येतो.

सोल निघाला की रँडची खरी अवस्था दिसते. तो पातळ झाला असेल तर पुढचा भाग मोकळा करून नवा तुकडा ताणून बसवायचा. त्याच्या कडा रापीने तासून कागदासारख्या पातळ करायच्या, नाहीतर सोलखाली पायरी तयार होते आणि बोटाला टोचत राहते.

पुढे खरवडणं. जुनं चिकट, चढताना हाताला लावतात त्या खडूची भुकटी, घाम यांचा थर पूर्ण जाईपर्यंत दोन्ही पृष्ठभाग खरखरीत करायचे आणि नंतर त्यांना बोट लावायचं नाही. चिकट म्हणजे कारागीर ज्याला सोल्यूशन म्हणतात तो द्रव, दोन्ही बाजूंना लावून सुकवायचा आणि मग दाबायचा. पहिला पातळ हात वीस-तीस मिनिटं सुकू द्यायचा, मग दुसरा. बोटाची मागची बाजू लावून बघितल्यावर ओलं लागलं नाही की किंचित गरम करून सोल एकदाच, अचूक जागी ठेवायचा. एकदा टेकला की सरकवता येत नाही. मध्यापासून कडांकडे दाबत आणि ठोकत जायचं, म्हणजे हवा अडकत नाही. कमानीपाशी जुन्या-नव्या सोलचा जोड तिरका तासून बसवतात. काटकोनात बसवला तर तो कपारीला अडकून उचकटतो.

शेवटचा टप्पा कड काढण्याचा, आणि सगळ्यात जास्त बूट इथेच बिघडतात. जादाचं रबर कापून कड यंत्रावर घासली जाते. कमी घासली तर सोल रँडच्या बाहेर मिलिमीटर-दोन मिलिमीटर लोंबतो आणि कपारीवर वाकतो. जास्त घासली तर सोलबरोबर रँडही पातळ होतो. बूट हातात घेतल्यावर अगदी सुबक दिसतो आणि तीन महिन्यांत तिथेच भोक पडतं. अतिशय गुळगुळीत, चकचकीत कड दिसली तर खूश होण्याआधी रँडची जाडी बघा.

कोपऱ्यावरच्या गटई कामगाराकडे दिला तर?

हा प्रश्न रास्त आहे. रापी आणि आरी चालवण्यात, चिकटवण्यात आणि ठोकण्यात त्यांचा हात अनेक 'स्पेशालिस्ट' म्हणवणाऱ्यांपेक्षा चांगला असतो. अडचण कौशल्याची नसून सामानाची असते. योग्य रबर नसतं, या बुटाचं कलबूत नसतं आणि बारीक घासायचं यंत्र बहुधा नसतं. शिवाय टिकाऊपणासाठी ते कडेने शिलाई मारतात. चपलेला ती योग्य, पण इथे रँडमधून टाका गेला की रँड फाटायला सुरुवात होते.

म्हणून मधला मार्ग असा. बूट सपाट, सरळ टोकाचा असेल, रँड शाबूत असेल आणि विब्रमसारखा खरा पत्रा तुम्ही स्वतः आणून दिला, तर काम तिथे होऊ शकतं. बूट कागद किंवा चिंध्यांनी घट्ट भरून द्या. 'शिलाई नको, खिळा नको, कड थोडी जास्त ठेवा, बाकी मी घासतो' असं आधीच सांगा आणि शक्य तर काम होईपर्यंत तिथेच बसा. चोचीचा, टाचेला जोरात ताण असलेला किंवा महागडा बूट मात्र तिथे देऊ नये. आणि ज्या बुटांचा सोल मुद्दाम गोल, बिनकडेचा बनवलेला असतो, तो तर सगळ्या स्पेशालिस्टनाही जमत नाही. अशा वेळी आधी विचारून घ्यावं.

कारागिराला काय विचारायचं

पहिला प्रश्न कलबुताचा: माझ्या मापाचं आहे का? दुसरा, पत्रा कोणता आणि किती मिलिमीटरचा, आणि तो दाखवाल का? तिसरा, सोल काढल्यावर रँड खराब निघाला तर मला फोन करून विचाराल की परस्पर ठरवाल? या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून माणूस कळतो. आधी केलेल्या कामाचे फोटो मागा, पण वरून काढलेले नकोत. अंगठ्याच्या बाजूने, जवळून काढलेले मागा, जिथे रेघ दिसते.

फक्त स्वस्त म्हणून कोणाला निवडू नका. नवा सोल आणि कुरिअर मिळून नव्या बुटाच्या निम्म्यापेक्षा जास्त खर्च येत असेल आणि वरचं चामडंही थकलेलं असेल, तर तो जोड सोडून द्यावा. वरचा भाग आणि मिडसोल मजबूत असेल तर एक जोड दोन-तीन सोल सहज काढतो.

बूट देताना धुऊन, दोन दिवस सावलीत वाळवून द्या. खडू आणि घाम चिकटाचे शत्रू आहेत, आणि समोरचा माणूस तासभर तो बूट नाकाजवळ धरून काम करणार आहे. देण्याआधी दोन्ही बुटांचे टेबलावर ठेवून बाजूने फोटो काढा. परत आल्यावर वळण बदललंय का, हे त्याशिवाय सांगता येत नाही.

पावसाळ्यात दिला तर चालेल का?

सगळे ऑक्टोबरमध्ये जागे होतात, सुळक्यांचा मोसम सुरू होताना, आणि तेव्हा महिनाभर थांबावं लागतं. जुलैत बूट रिकामा असतो हे खरं, पण कोकणपट्टीच्या दमट हवेत सोल्यूशन सुकताना थंड होतं आणि त्यावर हवेतली ओल धरते. जोड कच्चा राहतो. बंद, कोरड्या खोलीत काम करणारा कारागीर असेल तर प्रश्न नाही. नाहीतर एप्रिल-मे सर्वात बरा. मोसम संपलेला असतो, हवा पावसाळ्यापेक्षा कोरडी असते, आणि परत आलेला बूट वर्तमानपत्र भरून, बुरशी लागणार नाही अशा जागी पावसाळा काढतो.

बूट घट्ट झाला, पकडही नव्यासारखी नाही. फसलो का?

बहुधा नाही. वापराने सैल झालेला बूट कलबुतावर चढतो, रँड पुन्हा ताणला जातो, म्हणून पहिली दोन-तीन सेशन्स तो आवळतो. नव्या पत्र्याचा वरचा थर साच्यातून निघाल्यामुळे थोडा चकचकीत असतो. बारीक पॉलिश पेपर हलका फिरवला किंवा थोडं चढलं की तो जातो. 'पूर्वी लोक हंटर शूज, म्हणजे साधे कॅनव्हासचे बूट, घालून सुळके चढले, एवढं कशाला' असंही कोणी म्हणेल. चढले, आणि त्यांच्या पायांना सलाम. पण हंटर शूज घालून चढणाऱ्याला आपला बूट कुठे धरतो आणि कुठे सोडतो हे पक्कं ठाऊक असायचं. वाईट सोल लावलेल्या बुटाची अडचण हीच, की तो कधी सोडेल याचा भरवसा राहत नाही.

परत आल्यावर

उजेडाकडे धरून पूर्ण जोडावरून नख फिरवा. कुठेही नख आत शिरायला नको. बूट टेबलावर ठेवून जुन्या फोटोशी ताडा. दोन्ही सोल सारखेच रुंद आहेत का बघा. चिकटवून निदान एक पूर्ण दिवस झाल्याशिवाय चढू नका, आणि पहिलं चढणं जमिनीजवळ, बोल्डरवर करा. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत बूट कधीही ठेवू नका, आतल्या उष्णतेने चिकट पुन्हा मऊ होतं.

पहिल्या आठवड्यात टोकाशी दोन-तीन मिलिमीटर जरी सुटल्यासारखं वाटलं तरी थांबा आणि बूट कारागिराकडे परत पाठवा. घरी फेविक्विक लावायचा मोह होईल. ते सुकल्यावर काचेसारखं ठिसूळ होतं, बूट वाकला की तडकतं, आणि त्याचा थर काढण्यासाठी कारागिराला खालचा रँड खरवडावा लागतो.